लोकसहभाग हवा असेल, तर लोकांवर नेमकं काय सोपवायचं? रोख साहाय्य योजना राबवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
गरीब कुटुंबांसाठीच्या रोख साहाय्य योजना आखणारे, त्यांना निधी देणारे आणि त्या राबवणारे सर्व अधिकारी यांस,

स. न. वि. वि.

तुमच्या प्रत्येक योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत लोकसहभागाचा एक परिच्छेद हमखास असतो. गावपातळीवर समिती नेमावी. समितीने लाभार्थी निवडावेत, अटींच्या (मूल शाळेत जाणं यांसारख्या) पालनावर लक्ष ठेवावं, हप्ता वाटताना मदत करावी, तक्रारी सोडवाव्यात आणि जनजागृतीही करावी. पाच कामं, समिती एक, मानधन शून्य. हे पत्र त्या एका परिच्छेदाबद्दल आहे.

आमचं म्हणणं असं: लोकांना जे माहीत आहे ते त्यांना नीट विचारा, पैसा त्यांच्या हातून फिरवू नका, आणि ज्यांनी नावं निवडली त्यांच्यापुढेच त्या निवडीविरुद्धची तक्रार नेऊन ठेवू नका.

आधी लोकांना काय माहीत असतं ते पाहू. इंडोनेशियात २००८च्या सुमारास ६४० वस्त्यांत याची पारख झाली. काही वस्त्यांत पाहणी करून घर, मालमत्ता, शिक्षण यांवरून प्रत्येक कुटुंबाला गुण दिले. काही वस्त्यांत लोकांनी सभेत बसून घरांचा गरिबीनुसार क्रम लावला. उरलेल्यांत आधी लोकांनी क्रम लावला आणि मग खालच्या घरांची गुणांच्या पद्धतीने पडताळणी झाली. दरडोई खर्च हीच फूटपट्टी धरली तर गुणांची पद्धत थोडी सरस ठरली, पण फरक मोठा नव्हता. आणि लोकांनी क्रम लावलेल्या वस्त्यांत समाधान स्पष्टपणे जास्त होतं, तक्रारी कमी होत्या. बड्या मंडळींनी यादी बळकावल्याचा पुरावाही तिथे सापडला नाही. मात्र तिथली रक्कम लहान होती आणि एकदाच द्यायची होती, हे विसरू नका. वर्षानुवर्षं दर महिन्याला येणाऱ्या रकमेसाठी कोणीच हात मारणार नाही, असा निष्कर्ष त्यावरून काढणं धाडसाचं होईल.

त्या प्रयोगातली आम्हाला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. लोकांची गरिबीची व्याख्या पाहणीच्या कागदापेक्षा निराळी होती. आज घरात किती खर्च होतो यापेक्षा घरात कमावतं कोण आहे, बाई एकटी आहे का, बाहेरगावच्या नातेवाइकांकडून काही येतं का, हे लोक पाहत होते. पत्र्याचं छप्पर आणि जुना टीव्ही असलेल्या घरातला कर्ता माणूस गेल्या पावसाळ्यात वारला असेल, तर ते गुणपत्रिकेत येत नाही. शेजाऱ्यांना ते ठाऊक असतं. उत्तर केनियात २००८ पासून चाललेल्या भूकसुरक्षा योजनेच्या पहिल्या टप्प्यात तीन पद्धती शेजारी शेजारी वापरून पाहिल्या: समुदायाची निवड, ठरावीक वयापुढच्या प्रत्येकाला रक्कम, आणि कमावत्यांच्या तुलनेत अवलंबितांचं प्रमाण. गरिबांपर्यंत पोहोचण्यात समुदायाची निवड पुढे राहिली.

पण ‘सभा घ्या आणि नावं काढा’ एवढ्या आदेशावर हे होत नाही. सभा कशी घ्यायची, हे सूचनांमध्ये ओळीने लिहावं लागतं. म्हणून इथे जरा थांबतो.

पहिलं काम नकाशाचं. वस्तीतल्या चार-सहा जणांनी, त्यांत निम्म्या बायका, जमिनीवर किंवा मोठ्या कागदावर प्रत्येक घर मांडायचं. मग तो नकाशा मतदार यादी, शाळेचा पट आणि आरोग्यसेविकेची नोंदवही यांच्याशी ताडून पाहायचा. या तिन्हींपैकी एकही यादी पूर्ण नसते आणि तिघींच्या चुका वेगवेगळ्या असतात, म्हणूनच तिन्ही लागतात. हमखास सुटणारी घरं ठरलेली आहेत: भाडेकरू, हंगामी स्थलांतरित, सासरहून परत आलेली आणि वेगळी चूल मांडलेली बाई, वस्तीच्या टोकाला राहणारे, आणि ज्यांच्याशी बाकीच्यांचा रोटीबेटीचाच काय, बोलण्याचाही व्यवहार नाही ते. सभेत ज्यांचं नाव निघत नाही त्यांचा क्रम लागत नाही. तक्रार करायची असते हेही त्यांना कुणी सांगत नाही.

मग प्रत्येक घराचं एक कार्ड. कार्डं सर्वांसमोर पिसायची. हे पिसणं दिखाऊ वाटतं, पण इंडोनेशियात दिसलं की सभा लांबत गेली तसा क्रमातला अचूकपणा घसरला. आधी ज्यांचा क्रम लागला त्यांच्या बाबतीत चुका कमी, शेवटी आलेल्यांच्या बाबतीत जास्त. कार्डं घरक्रमांकाने घेतली तर थकव्याची झळ दर वेळी त्याच टोकाच्या घरांना बसते. पिसून घेतली तर निदान ती कुणा एकाच्या वाट्याला येत नाही.

क्रम लावताना ‘सगळ्यांत गरीब कोण?’ असं मोघम विचारू नये. मोठ्या आवाजाची माणसं त्याचं उत्तर देतात. दोन कार्डं घ्यायची आणि विचारायचं: या दोघांत कोणाचं जास्त अवघड आहे? तिसरं कार्ड आलं की ते रांगेच्या मधल्या कार्डाशी ताडायचं. जास्त अवघड असेल तर खालच्या अर्ध्यात, नसेल तर वरच्या अर्ध्यात. मग त्या अर्ध्याच्या मधल्याशी. असं निम्मं-निम्मं करत गेलं की पन्नासावं कार्डसुद्धा जास्तीत जास्त ६ प्रश्नांत आपल्या जागी बसतं. ५० घरांना एकूण जास्तीत जास्त २३७ प्रश्न लागतात. प्रश्नामागे अर्धा मिनिट धरला तर दोन तास. तेच १०० घरांना ५७३ प्रश्न, म्हणजे पावणेपाच तास, आणि इतका वेळ कुठलीच सभा शुद्धीवर राहत नाही. तेव्हा एका सभेत ५० घरांची मर्यादा पाळा. वस्ती मोठी असेल तर गल्लीवार सभा घ्या आणि प्रत्येक सभेत तीच चार-पाच ओळखीची घरं मापाला ठेवा, म्हणजे नंतर याद्या एकमेकींशी जुळवता येतात.

एकाच सभेवर भिस्त ठेवू नये. बायकांची वेगळी सभा, पुरुषांची वेगळी, आणि वृद्ध व अपंग व्यक्तींची तिसरी, तिन्ही एकमेकांचा निकाल न पाहता. तिन्ही याद्यांत खालच्या टोकाला आलेलं घर निःसंकोच घ्या. एका यादीत तळाला आणि दुसरीत मध्यावर असलेलं घर बाजूला काढा आणि तिथे प्रत्यक्ष भेट द्या. हे फरक त्रासदायक वाटले तरी गाळू नका, ते सर्वांत उपयोगी असतात. नवरा दारूत पैसे उडवतो म्हणून ज्या घरात हालअपेष्टा आहे, ते घर पुरुषांच्या यादीत बहुधा वर असतं आणि बायकांच्या यादीत खाली.

सभा चालवणारा माणूस त्या गावचा नसावा आणि त्याला मत नसावं. कागद लिहिणारा वेगळा असावा. कुणाच्या आजाराची, लग्न मोडल्याची चर्चा सुरू झाली की ती तिथेच थांबवून पुढच्या कार्डाकडे वळणं, हे त्याचं सर्वांत अवघड काम. यासाठी एका दिवसाचं प्रशिक्षण पुरत नाही. एक दिवस पद्धत, एक दिवस सराव आणि एक दिवस खऱ्या वस्तीत देखरेखीखाली, असे किमान तीन तरी दिवस द्या.

आता रेषेबद्दल, म्हणजे क्रमात कुठल्या घरापर्यंत रक्कम द्यायची त्याबद्दल. क्रम लोकांनी लावला तरी रेषा तुम्ही ओढता, आणि बहुतेक भांडणं रेषेवर होतात. झांबियातल्या कालोमो जिल्ह्यातला प्रायोगिक प्रकल्प आणि मलावीतल्या म्चिंजी जिल्ह्यात २००६ साली सुरू झालेली योजना, दोन्हींत साधारण तळातली १० टक्के कुटुंबं घ्यायची होती, आणि निवड गावच्या समित्यांकडे होती. जिथे निम्मं गाव गरीब आहे तिथे दहाव्या आणि अकराव्या शेकड्यातला फरक माणसाला दिसत नाही, कारण तो जवळपास नसतोच. समिती तो फरक कुठून आणणार? अशा ठिकाणी आतली-बाहेरची निवड ही जवळजवळ सोडत असते आणि दोष मात्र समितीच्या माथी येतो. त्यातही प्रत्येक गावाला सारखाच टक्का दिला, तर गरीब गावातला गरीब बाहेर राहतो आणि सुखवस्तू गावातला बरा माणूस आत येतो. गावांमधली वाटणी तुमच्या आकडेवारीवरून करा, लोकांना गावाच्या आतला क्रम लावू द्या. आणि रेषेच्या वरखाली एक पट्टा ठेवा, समजा रेषेच्या दोन्ही बाजूंची पाच-पाच घरं, ज्यांची घरभेट झाल्याशिवाय निर्णय होणार नाही.

यादी तयार झाली की ती भिंतीवर लागली पाहिजे. निदान १४ दिवस, वस्तीच्या सगळ्या भागांत, आणि एकदा मोठ्याने वाचून. यादीत कुटुंबप्रमुखाचं नाव, वस्तीचा भाग, रक्कम आणि हप्त्याचा महिना एवढंच असावं. खाते क्रमांक, फोन, ओळखपत्राचा आकडा, आजाराचं किंवा अपंगत्वाचं कारण यांतलं काहीही भिंतीवर नको. फोन क्रमांक लावले की त्याच आठवड्यात फसवणुकीचे फोन सुरू होतात. ज्या घरांना नाव जाहीर झाल्याने जिवाचा किंवा अब्रूचा धोका आहे, त्यांच्यासाठी वेगळी बंद यादी ठेवण्याची सोय नियमात आधीच असावी. ब्राझीलमध्ये बोल्सा फामिलिया या रोख साहाय्य योजनेच्या २००४च्या कायद्यानेच लाभार्थ्यांची यादी सार्वजनिक केली होती. नगरपालिका पातळीवर देखरेखीसाठी समाजाचे प्रतिनिधी असलेली मंडळंही होती. यादीशेजारी निकष आणि ‘नाव नसेल तर कुठे जायचं’ हेही लिहा. नुसती नावं लावली तर लोक ती वाचून घरी जातात.

आता ज्या मुद्द्यावर आम्ही सर्वांत आग्रही आहोत तो. निवड करणारी समिती आणि अपील ऐकणारी समिती या दोन वेगळ्या समित्या असाव्यात, एकही सभासद सामाईक नसावा, शक्यतो जवळचं नातंही नसावं. इथिओपियात २००५ साली सुरू झालेल्या उत्पादक सुरक्षा जाळे योजनेत निवडीसाठी समुदायाचं कृतिदल आणि हरकतींसाठी केबेले (तिथला सर्वांत खालचा प्रशासकीय घटक) पातळीवरची अपील समिती, अशी कामाची फोड केलेली आहे. सगळीकडे ती सारखीच चालते असं नाही, पण आराखडा बरोबर आहे. एकच समिती ठेवली तर काय होतं ते सांगायला तज्ज्ञ लागत नाही: ज्या बाईचं नाव गळलं तिने ज्याने ते गाळलं त्याच्याच दारात जायचं, तेही शेजारी राहून. ती जात नाही. तुमच्या अहवालात ‘तक्रारी : शून्य’ असं येतं आणि वर कुणीतरी त्या गावाला शाबासकी देतं. शेकडो घरांच्या यादीवर एकही तक्रार आली नाही, तर तिथे तपासणी पाठवा.

तक्रारीचे प्रकारही एका टोपलीत टाकू नयेत. नाव सुटलं किंवा कुणाचं चुकून आलं, ही तक्रार गावच्या अपील समितीने ३० दिवसांत निकालात काढावी. रक्कम कमी आली, खातं जुळत नाही, अंगठा उमटत नाही, हे कार्यालयाचं काम आहे. समितीने फक्त तक्रार लिहून पुढे पाठवावी आणि पावती द्यावी. कुणी नाव लावण्यासाठी पैसे मागितले, हप्त्यातून वाटा घेतला, बाईकडे भलती मागणी केली, अशा तक्रारी गावातून जाताच कामा नयेत. त्यांच्यासाठी थेट फोन, तो उचलणारी व्यक्ती जिल्ह्याबाहेरची, आणि नाव न सांगता तक्रार करण्याची मुभा. प्रत्येक तक्रारीला क्रमांक आणि तारीख हवी. पावती नसेल तर तक्रार झालीच नव्हती असं नंतर म्हणता येतं, आणि तसं म्हटलं जातं.

पैसे वाटण्याचं काम समितीकडे देऊ नका, असं आम्ही म्हणतो. त्यावर टांझानियाचं उदाहरण कुणीतरी पुढे करेल, आणि ते रास्त आहे. तिथे २०१० साली ‘टासाफ’ या सरकारी सामाजिक निधीने ८० गावांपैकी चिठ्ठीने निवडलेल्या ४० गावांत योजना सुरू केली. गावच्या व्यवस्थापन समित्यांनी कुटुंबं निवडली, अटींवर लक्ष ठेवलं आणि दर दोन महिन्यांनी पैसेही वाटले. नंतरच्या पाहण्यांत कुटुंबांना फायदा झालेला दिसला, शिवाय गावच्या निवडून आलेल्या पुढाऱ्यांवरचा विश्वासही वाढलेला दिसला. पण ही गावं आधीच्या टप्प्यात टासाफची कामं हाताळलेली होती. हिशेब, पावत्या, तपासणी यांची त्यांना सवय होती आणि वरून कुणी पाहत होतं. कोऱ्या गावात पहिल्याच वर्षी रोकड समितीच्या हाती दिली तर प्रामाणिक माणूससुद्धा संशयाखाली येतो. जिथे बँक, टपाल किंवा मोबाइलवरून पैसे पोहोचतात तिथे समितीचं काम एवढंच: तारीख आधी सांगणं, ज्यांना चालवत नाही त्यांना सोबत करणं, आणि वाटपाच्या ठिकाणी साक्षीदार म्हणून बसणं. लाभार्थ्याचं कार्ड आणि पिन समितीतल्या कुणीही, मदतीच्या भावनेनेही, स्वतःकडे ठेवू नये. हा नियम भिंतीवर लिहा. म्हाताऱ्यांच्या आणि कष्टकऱ्यांच्या बोटांचे ठसे झिजतात. दोनदा ठसा उमटला नाही की तिसऱ्यांदा हेलपाटा न घालता पर्यायी ओळख किंवा आधी नेमलेली व्यक्ती चालली पाहिजे.

हप्ता लांबला तर समितीच्या सगळ्या कामावर पाणी पडतं. घानातल्या २००८ साली सुरू झालेल्या ‘लीप’ योजनेच्या सुरुवातीच्या वर्षांत हप्ते अनियमित आले आणि मूल्यमापनात कुटुंबांच्या रोजच्या खर्चात वाढ दिसली नाही, कारण कधी येईल ते ठाऊक नसलेल्या पैशावर कुणी घर चालवत नाही. उशीर राजधानीत होतो आणि शिव्या समितीच्या बाईला बसतात. तारीख चुकणार असेल तर किमान आठवडाभर आधी समितीला कारणासह कळवा. याला फक्त एक संदेश लागतो, तरी तो जात नाही.

अटींबद्दल फार लिहीत नाही. मूल शाळेत गेलं नाही म्हणून शेजारणीने शेजारणीचा हप्ता तोडायचा, ही रचना मुळात चुकीची आहे. गैरहजेरी दिसली तर समितीने भेट द्यावी आणि कारण लिहावं. पुष्कळदा कारण शिक्षकाच्या गैरहजेरीत किंवा दवाखान्याच्या कुलपात सापडतं, आणि तो कागद शिक्षण आणि आरोग्य खात्याकडे गेला पाहिजे. हप्ता तोडण्याचा निर्णय, घ्यायचाच असेल, तर पगारी अधिकाऱ्याने स्वतःच्या सहीने घ्यावा.

समितीतली माणसं फुकट राबतात, आणि राबणाऱ्यांत बहुतांश बायका असतात. मेक्सिकोत १९९७च्या प्रोग्रेसा या रोख साहाय्य योजनेत लाभार्थी बायकांतूनच ‘प्रोमोतोरा’ निवडल्या जात. निरोप पोहोचवणं, बैठका घेणं, कागद गोळा करणं हे सगळं त्यांच्याकडे. बायकांचा वावर आणि आत्मविश्वास वाढला, ही त्याची एक बाजू. काही ठिकाणी लाभार्थी नसलेल्यांनी गावच्या सामायिक श्रमदानातून अंग काढून घेतलं, ‘ज्यांना पैसे मिळतात त्यांनी करावं’ म्हणत, ही दुसरी. मानधन दिलं नाही तर पुढे काय होतं हेही उघड आहे: कुणी प्रवासखर्चाच्या नावाने हप्त्यातून थोडंथोडं मागू लागतं, आणि एकदा ती प्रथा पडली की मोडत नाही. बैठकीचा भत्ता, प्रवास, फोन, पाळणाघराची सोय, हे अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीवर लिहा. ती ओळ कोरी ठेवायची असेल तर सूचनांमधला लोकसहभागाचा परिच्छेदही काढून टाका. तेवढा तरी प्रामाणिकपणा राहील.

यादीबाहेरच्यांचा राग म्हणजे नुसता मत्सर, असं समजू नका. फिलिपिन्समध्ये पांताविद योजनेत दुर्गम आणि जिथे बहुसंख्य कुटुंबं लाभार्थी आहेत अशा गावांत अंड्यांसारख्या नाशवंत, प्रथिनयुक्त पदार्थांचे भाव वाढले आणि लाभ न मिळालेल्या घरांतल्या लहान मुलांची वाढ खुंटलेली दिसली. उलट केनियाच्या सियाया भागात ६५३ गावांत झालेल्या मोठ्या प्रयोगात भाववाढ नगण्य होती आणि पैसा न मिळालेल्या कुटुंबांचाही फायदा झाला. फरक बहुधा बाजार किती जोडलेला आहे यावर पडतो. म्हणून समितीला आणखी एक छोटं काम द्यायला हरकत नाही: महिन्यातून एकदा सात-आठ रोजच्या वस्तूंचे भाव लिहून पाठवणं. वस्त्या आडबाजूच्या असतील तर ते काम नक्की द्या, आणि भाव सलग दोन महिने चढले तर काय करायचं ते आधी ठरवून ठेवा.

यादी शिळी होते, हा शेवटचा मुद्दा. जन्म, मृत्यू, लग्न, स्थलांतर यांची नोंद समितीकडून वर्षातून दोनदा घ्या आणि तीन वर्षांनी सबंध क्रम नव्याने लावा. मृत्यू लपवला जातो कारण कळवताक्षणी पैसे बंद होतात. कळवल्यावरही तीन हप्ते चालू राहतील असा नियम केला तर नोंदी वेळेवर येतील, आणि नंतर वसुलीच्या नोटिसा काढण्याच्या मानाने ते स्वस्तही पडेल.

आमच्या मागण्या अशा. पुढच्या टप्प्याची यादी सुरू होण्याआधी निवड आणि अपील समित्या वेगळ्या करणारं परिपत्रक निघावं. सभेची पद्धत, ५० घरांची मर्यादा आणि तीन वेगळ्या सभा यांसह, मार्गदर्शक सूचनांना जोडावी. समितीच्या भत्त्याची ओळ याच अंदाजपत्रकात यावी. पुढच्या वर्षीचं आश्वासन नको. नवी समिती पहिल्या सहा महिन्यांतच टिकते किंवा मोडते. सगळीकडे एकदम जमणार नसेल तर चिठ्ठी टाकून काही तालुके निवडा, तिथे हे करा, इतरत्र जुनी पद्धत ठेवा आणि वर्षाअखेरीस दोन्हीकडच्या सुटलेल्या नावांची, निकालात निघालेल्या तक्रारींची आणि वेळेवर पोहोचलेल्या हप्त्यांची संख्या जाहीर करा. ती तुलना आमच्या विरोधात गेली तरी छापा.

कळावे,
रोख साहाय्य योजनांच्या गावपातळीवरील कामाशी संबंधित कार्यकर्ते